कोडेड कॅशिंगमध्ये (फाइलचे तुकडे युजरकडे आधीच साठवायचे आणि मागणी आली की उरलेले एकत्र मिसळून पाठवायचे) प्रत्येक युजरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्याकडच्या साठवणीच्या जागेत, वेगवेगळे तुकडे का ठेवतात? सगळ्यांकडे तेच पॉप्युलर व्हिडिओ ठेवले तर काय बिघडलं?

वेगवेगळे तुकडे असले की सर्व्हर एकच पॅकेट पाठवून एकाच वेळी अनेकांचं काम भागवू शकतो, सगळ्यांकडे तेच असेल तर हा फायदा मिळतच नाही.

समजा फाइल दोन, अ आणि ब, युजर दोन, आणि प्रत्येकाकडे एका फाइलएवढीच जागा. प्रत्येक फाइलचे दोन अर्धे तुकडे करा, अ१-अ२ आणि ब१-ब२. पहिल्याकडे अ१ आणि ब१ ठेवा, दुसऱ्याकडे अ२ आणि ब२. आता पहिल्याला अ हवी आणि दुसऱ्याला ब, म्हणजे पहिल्याला अ२ कमी आहे आणि दुसऱ्याला ब१, तर सर्व्हर अ२ आणि ब१ चा एक्सऑर करून (बिटला बिट असं मिसळून, की एक तुकडा माहीत असला की दुसरा काढता येतो) ते एकच पॅकेट ब्रॉडकास्ट करतो, पहिल्याकडे ब१ आधीच आहे म्हणून तो अ२ काढून घेतो, दुसरा तसाच ब१ काढतो. एका फाइलच्या ऐवजी अर्धीच पाठवावी लागली! हे मद्दाह-अली आणि नीसन यांच्या २०१४ च्या पेपरमधलं आहे, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की कोण काय मागणार हे तुकडे ठेवताना माहीत नसलं तरी चालतं. ३० युजर, ३० फाइल, प्रत्येकाकडे १० फाइलची जागा धरली तर साध्या पद्धतीत, म्हणजे सगळ्यांकडे तेच ठेवून, वाईटात वाईट २० फाइल पाठवाव्या लागतात, इथे साधारण १.८.

पण त्यासाठी प्रत्येक फाइलचे ३ कोटींहून जास्त तुकडे करावे लागतात, आणि लिंक सगळ्यांना ऐकू येणारी हवी, प्रत्येकाला वेगळं कनेक्शन असेल तर एक्सऑरचा उपयोग नाही.