एक ओळ बदलायला तीन आठवडे?

(ऐरोलीहून एक वडील लिहितात: मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला. एका मोफत सॉफ्टवेअरमधला सात वर्षं जुना बग काढण्यात तीन आठवडे घालवले. बदलली एकच ओळ, पैसा शून्य. आता गेटचा क्लास लावू की एआयचा कोर्स?)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली केटी मला टोचली नाही. ‘रात्री दहाला राउटर कपाटात ठेवतो आणि जेवताना चुलतभावाचं पॅकेज ऐकवतो’ हे टोचलं. वीस वर्षांच्या मुलाशी असं वागू नका. तो घरात बोलेनासा झालाय, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. का, ते वेगळं सांगायला हवं का?

आता ती ‘एकच ओळ’. ते सॉफ्टवेअर विंडोजवर टेक्स्ट फाइल काढायचं तेव्हा प्रत्येक ओळीखाली एक कोरी ओळ यायची. ओळ संपल्याची खूण लिनक्सवर एकच असते, लाइन फीड. विंडोजवर दोन: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली की विंडोजवर लाइन फीडच्या आधी कॅरेज रिटर्न आपोआप बसतं. प्रोग्रामनेही ते लिहिलेलं असेल तर दोनदा पडतं, आणि बरेच एडिटर तिथे कोरी ओळ दाखवतात. लिनक्सवर काम करणाऱ्याला हे दिसतच नाही, म्हणून असे बग वर्षानुवर्षं राहतात. ओळ बदलायला मिनिट लागतं. नेमकी कुठली, हे शोधायला परक्याचा कोड वाचावा लागतो, आणि त्या कोऱ्या ओळी गृहीत धरून कुणी काही बांधलंय का, तेही तपासावं लागतं. आयटीत ओळी मोजून पगार देत नाहीत. तिथलं पुष्कळ काम दुसऱ्याचा जुना कोड सांभाळण्याचंच असतं. ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये नोकरीला जाणाऱ्या कुठल्याही शेजाऱ्याला विचारा.

गेट ही परीक्षा एमटेकच्या प्रवेशासाठी किंवा सरकारी कंपन्यांतल्या नोकरीसाठी. त्याने ते मागितलेलं नाही. एआयचा कोर्स आत्ता नको. गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात 2005 पासून अशाच कामाला मानधन मिळतं, तिथे अर्ज करू दे.

केटी मात्र त्याने काढायलाच हवी. बॅकलॉग असला की अनेक कंपन्या प्लेसमेंटला बसूच देत नाहीत. रोज एक तास गणित, बाकीचा वेळ त्याचा.

आणि या रविवारी त्याच्या शेजारी बसून ती दुरुस्ती बघा. ओळ नाही समजली तरी चालेल, तिच्याखालची चर्चा वाचून दाखवायला सांगा: प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी काय शंका काढल्या, याने काय उत्तरं दिली. उद्या मुलाखतीत त्याला हेच विचारतील.