बेसबॉलमध्ये फलंदाजीचा सर्वांत दुर्मीळ पराक्रम कोणता?

माझं मत फर्नांडो टाटिसला. २३ एप्रिल १९९९, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. सेंट लुइस कार्डिनल्स संघाच्या या पठ्ठ्याने एकाच इनिंगमध्ये (सामन्यातल्या नऊ छोट्या डावांपैकी एक), तिसऱ्या, दोन ग्रँड स्लॅम ठोकले. ग्रँड स्लॅम म्हणजे तिन्ही बेसवर (धाव पूर्ण करताना मध्ये थांबायच्या जागांवर) आपले गडी उभे असताना मारलेला होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका; एका फटक्यात ४ धावा. मुळात एका इनिंगमध्ये दोनदा पाळी येणंच विरळ, त्यात दोन्ही वेळा बेस भरलेले हवेत! आणि दोन्ही वेळा चेंडू टाकणारा एकच, चान हो पार्क. (आपल्याकडे कर्णधाराने केव्हाच गोलंदाज बदलला असता.) एका सामन्यात चार होम रन मारणारे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, पंधराहून जास्त आहेत. हे मात्र टाटिसनेच केलंय.