बारांचा हिशेब

सातारा,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दुकानाचं कोटेशनच ते. दीडशे-सहाशे मिलीमीटरची लांबचं टिपणारी लेन्स, कार्बनचा ट्रायपॉड, पानापानांच्या छापाचा सूट, लपून बसायचा जाळीचा तंबू, आणि खाली एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांची बेरीज. त्याखाली एकच ओळ: 'काका, बारा हप्त्यांत बसतंय, घेऊ का?' तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीला मे महिन्यात पगार नसतो, हे त्या हप्तेवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

'नको' म्हणून मोकळा झालो असतो. पण चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवून घरच्या माळ्यावर मी काय काय साठवलंय ते तुझ्या काकूला माहीत आहे. ती हे पत्र टाकायच्या आधी वाचणार, तेव्हा खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

आधी आमच्या आबांचं सांगतो, कारण ही खोड तिथूनच आली. मेढ्याकडे आमची थोडी शेती. तिला डुकरांचा त्रास, म्हणून आबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक होती. (बारा बोअर म्हणजे काय, तर नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात. लहानपणी ही माहिती मी शाळेत सगळ्यांना ऐकवायचो.) बंदूक जुनीच होती आणि ती कधी बदलली नाही. महाग होती ती काडतुसं. परवान्यावर मोजून मिळायची, आणायला साताऱ्याला यावं लागायचं. आबांची एक वही होती. तिच्यात पैशांचा हिशेब नाही, झाडलेल्या बारांचा आहे. 'एक गेला, डुक्कर.' 'एक गेला, वारा फिरला.' एका पानावर नुसतं 'बसलो' असं लिहिलंय, आणि तशी पुढे सलग नऊ पानं आहेत.

एल.जी.चं, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस चाळीसेक पावलांपलीकडे भरवशाचं नसतं. तेवढं जवळ जायचं किंवा जनावर येईस्तोवर थांबायचं, दुसरी वाटच नव्हती. चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. पायाखालचं वाळलेलं पान आधी बोटांनी दाबायचं, मग टाच टेकवायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बार फुकट घालवणं परवडत नव्हतं, त्यातून ते आलं. त्या काळाचं मला कौतुक नाही, हेही लिहून ठेवतो. वहीत डुकरांखेरीज भेकरं आहेत, ससे आहेत, आणि ते काही पीक वाचवायला मारलेले नव्हते. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तसं आबांनी रानात जाणं बंद केलं आणि पुढे बंदूक ठाण्यात जमा केली. १९९१ च्या दुरुस्तीनं तर शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले.

आता तुझ्या हातातल्या कॅमेऱ्याचं बघ. सेकंदाला दहा-वीस फोटो, एकालाही पैसा पडत नाही. बार फुकट झाला आणि बंदूक दोन लाखांची झाली. मागच्या वर्षी येरळवाडीला माझ्याबरोबर पुण्याची दोन पोरं होती. रोहित पक्षी पाण्यात पार पलीकडच्या अंगाला. पोरांनी तासाभरात दोन-अडीच हजार फोटो काढले आणि वडूजला मिसळ खायला गेली. पक्षी नऊच्या सुमारास चरत चरत अलीकडे आले. मी त्यांना दुर्बिणीतून बघत बसलो होतो.

त्या दुर्बिणीचंच आधी सांगतो. आठ बाय बेचाळीसची घे. आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच बेचाळीस मिलीमीटरची, म्हणजे पहाटेच्या उजेडातही डोळ्याला पुरेसा प्रकाश मिळतो. दहापटीच्या मोहात पडू नकोस, हात हलला की पक्षीही दहापट हलतो. दहा-बारा हजारांत चांगली येते. माझी तेरा वर्षं गळ्यात आहे. भाजी आणायला जातानासुद्धा असते, त्यावरून मंडईत जे बोलतात ते बोलोत.

कुठलीही वस्तू घेताना मी आता एकच भागाकार करतो: किंमत भागिले सकाळी. तुझी लाखाची लेन्स धर. पावसाळ्यात ती बाहेर निघणार नाही, परीक्षा आल्या की निघणार नाही, लग्नसराईत तर नाहीच. वर्षाला पंधरा सकाळी खऱ्या मिळाल्या तर डोक्यावरून पाणी. तीन वर्षांत पंचेचाळीस, म्हणजे एका सकाळीला दोन हजार दोनशेच्या वर. दुर्बिणीला तोच हिशेब लावला तर सकाळी चहाच्या किमतीत पडतात. या भागाकारावर माझा माळा काढला असता तर काकूनं केव्हाच घटस्फोट दिला असता.

माळ्यावर काय आहे ते सांगतोच. एक जाळीचा तंबू, अगदी तू लिहिलायस तसाच. मायणीच्या तलावाकाठी एकदाच लावला. अर्ध्या तासात धनगराची शेरडं आली आणि तंबूवरची कापडी पानं ओढायला लागली. मी आतून हुसकावतोय, बाहेर धनगर हसतोय, आणि तलावावर एक बदक उरलं नाही. मग भलामोठा ट्रायपॉड. तो घेऊन माणच्या माळावर चंडोलांसाठी उभा होतो, तर दोन म्हातारे मोटारसायकल थांबवून उतरले. 'साहेब, कॅनॉलची मोजणी का?' नाही म्हटलं तर पटेना. 'मग पाणी कधी येणार तेवढं तरी सांगा.' त्या माळावर तिवईवर यंत्र लावून उभा राहणारा माणूस एकाच कामाला येतो. त्यात त्यांची काय चूक? तेव्हापासून मी शिवलेली उशी नेतो, आत अर्धा किलो ज्वारी. गाडीच्या खिडकीवर, दगडावर, बांधावर कुठंही ठेवली की लेन्स हलत नाही.

पानांच्या छापाच्या सुटाबद्दल जरा नीट लिहितो, कारण इथे फसवणूक आहे. तो छाप माणसांच्या डोळ्यांसाठी आहे, गिऱ्हाईकाच्या. हरणाला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही काही प्रमाणात जाणवतो. बऱ्याच पक्ष्यांना रंग आपल्याहून जास्त कळतात. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीतले चमक देणारे पदार्थ अतिनील प्रकाश घेऊन निळसर चमकतात. म्हणजे पाच हजारांचा छापाचा सूट त्या पावडरीत धुतलास की सांबराच्या दृष्टीनं दिवा लावून बसलीस. जुना मळखाऊ सदरा साध्या साबणानं धुवून घाल. आणि हलू नकोस. हे दुसरं कुठल्याच दुकानात मिळत नाही.

माझा पुतण्या अमेरिकेत कोलोराडोला असतो. तिथे शिकारीला परवानगी आहे, हंगाम आहे, परवाने आहेत. त्याच्या शेजाऱ्याचं गॅरेज मी बघून आलोय. अंगाचा वास मारायला ओझोन सोडणारं यंत्रसुद्धा होतं! आबा चिमूटभर मातीवर जे काम भागवायचे त्यासाठी वीज. गंमत म्हणजे बंदुकीच्या हंगामात तिथे भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट कायद्यानं घालावंच लागतं, दुसऱ्या शिकाऱ्यानं चुकून गोळी घालू नये म्हणून. हरणाला त्या नारिंगीनं फारसा फरक पडत नाही. मग त्या पानांच्या छापाचं काय राहिलं?

पण त्या शेजाऱ्याला सरसकट हसू नये. तिथल्या सरकारी पाहणीप्रमाणे २०२२ साली १ कोटी ४४ लाख शिकाऱ्यांनी मिळून ४५ अब्ज डॉलरच्या वर खर्च केला, माणशी तीन हजारांहून जास्त. आणि १९३७ पासून तिथे असा कायदा आहे की शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा अकरा टक्के कर वन्यजीवांच्याच कामाला जातो. गॅरेजमध्ये धूळ खात पडलेल्या रायफलनंही कुठल्यातरी रानाला काही दिलेलं असतं. आपण लेन्सवर जीएसटी भरतो त्याचा सागरेश्वरच्या सांबराला थेट काही उपयोग नाही. तेव्हा 'खर्च केला तेवढीच निसर्गसेवा' असं मनाशी म्हणून हप्ता बांधू नकोस. मी म्हणायचो.

लेन्स नकोच का, असं विचारशील. माझ्याकडे आहे ना. २०१७ साली दोनशे-पाचशेची घेतली, सव्वादोन किलो वजनाची, आणि तिचा मला पश्चात्ताप नाही. पण ती कुठे चालते ते घेतल्यावर कळलं. कोयनेच्या, चांदोलीच्या दाट रानात वीस-तीस पावलांपुढे दिसतच नाही आणि झाडाखाली उजेड नसतो. सहाशेला तुझ्या लेन्सचं तोंड एफ ६.३ (हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). एफ ४ ची लेन्स त्याच्या अडीचपट उजेड घेते, पण तसली सहाशेची घ्यायची तर दहा लाखांच्या वर. दुसरीकडे माण-खटावच्या माळावर उजेडच उजेड. पण नऊ वाजले की जमीन तापते, हवेचे गरम-गार थर हलायला लागतात आणि लांबचा फोटो पाण्यात बुडाल्यासारखा येतो. दहा लाखांची लेन्ससुद्धा ते मृगजळ कापू शकत नाही. त्यावर इलाज एकच, लवकर पोचायचं आणि जवळ असायचं.

एवढं वाचूनही घ्यायचीच झाली तर जुनी बघ. हौशी लोक दोन वर्षांत कंटाळतात, त्यांच्याकडून चांगली मिळते. बॅटरीचा झोत पाडून काचेतून आरपार बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तिथूनच परत फिर. नीट वापरलीस तर थोडं कमी करून विकताही येते. कॅमेऱ्याचं तसं नाही, नवं मॉडेल आलं की त्याचा भाव पडतो.

पैसे घालायचे तर बुटांत घाल. माळावर फुरसं असतं, घोणस असते. घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, उन्हाळ्यातसुद्धा. कोयनेकडे पावसात जाशील तर जळवांचे मोजे, दोन-तीनशे रुपयांत होतात. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घे आणि त्यात सिलिका जेलची पुडी घालून कॅमेरा ठेव. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा खाऊन बसले. गरम करून पुन्हा वापरता येतात, पण भाकरीच्या तव्यावर नको, त्या रंगात विषारी क्षार असतो. आमच्याकडे यावरून मोठं रामायण झालेलं आहे.

आणि दोन वस्तू फुकट मिळाल्या तरी घेऊ नकोस. पक्ष्याचा आवाज वाजवायचा स्पीकर, आणि घुबडांसाठी फ्लॅश. खाटकाकडून मांसाचा तुकडा आणून पक्षी खाली उतरवणारेही आहेत, त्यांच्यात बसू नकोस. आपल्या वन्यजीव कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या वाच कधी. मारणं तर आहेच, पण हाकणं आहे, आमिष दाखवणं आहे, पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विस्कटणंही त्यातच मोडतं. घरट्यासमोरची फांदी 'जरा बाजूला' करणारे आपले फोटोवाले कायद्याच्या शब्दांत कुठे बसतात ते तूच ठरव.

तर असं कर. बारा हप्त्यांच्या कागदावर इतक्यात सही करू नकोस. येत्या रविवारी साताऱ्याला ये आणि माझी दोनशे-पाचशे घेऊन जा. तुझ्या कॅमेऱ्याला ती बसते, मी बघितलंय. मार्चअखेरपर्यंत ठेव. माझा गुडघा आता सव्वादोन किलो घेऊन चढ चढत नाही, तिलाही कपाटात बरं वाटत नसणार. कराडहून सागरेश्वर जवळ आहे. तिथली चितळं माणसांना सरावलेली आहेत, सुरुवातीला बरी. एका सकाळी छत्तीसच फोटो काढायचे, जुन्या रोलमध्ये मावायचे तेवढे. छत्तीस झाले की कॅमेरा पिशवीत आणि दुर्बीण डोळ्याला. पहिल्या दिवशी साडेसातलाच संपतील, माझे संपले होते.

आबांची वही पण देतो, बघायला. नेऊ नकोस, पानं सुटायला आली आहेत. तशी एक दोनशे पानी घे आणि गेलीस त्या प्रत्येक दिवसाचं लिहीत जा, काही दिसलं नाही तरी. मार्चमध्ये लेन्स परत आणशील तेव्हा सोबत आण. सकाळी किती झाल्या ते मोजू, मग हप्त्यांचं बोलू.

येताना काकूसाठी काही आणू नकोस. लेन्सच्या पिशवीत एक पिवळं फडकं आहे, ते चष्म्याचं आहे, काचेला लावू नकोस.

तुझा,
काका