नाताळ तोंडावर आला आहे आणि घरात दोन वर्षांचे मूल आहे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: आम्ही पुण्यात वानवडीला राहतो. माझा मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा आहे. मी बँकेत नोकरी करते आणि दिवसा तो पाळणाघरात असतो. गेल्या नाताळात तो मांडीवरचा होता, त्यामुळे सण निवांत पार पडला. यंदा मात्र त्याने झाड दोनदा पाडले, फांद्यांवर बर्फ म्हणून लावलेला कापूस तोंडात घातला आणि परवा माझ्या आईने दिलेला काचेचा जुना गोळा फोडला. मी दिवसभराची दमलेली होते. माझा हात उठला. तो खूप रडला आणि थोड्या वेळाने माझ्याच कुशीत झोपला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. १८ तारखेला अहिल्यानगरहून सासूबाई येणार आहेत. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, कुलकुल आणि केक हे सारे घरीच झाले पाहिजे, अशी त्यांची पद्धत आहे. २४ तारखेच्या रात्री उपासनेला गेलो नाही तर नातेवाईक नावे ठेवतील आणि गेलो तर हा रडून सर्वांची शांतता मोडेल. त्याला नाताळ म्हणजे काय हे कसे समजावू, आणि मी हे सगळे कसे निभावू?

उत्तर: तुमच्या पत्रातले सर्वांत जड वाक्य हात उठल्याचे आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते. या वयाच्या मुलाला ‘हात लावू नकोस’ याचा अर्थ कळतो, परंतु समोर काही चकाकत असताना पुढे गेलेला हात आवरण्याची ताकद त्याच्यात अजून आलेली नसते. ती पुढच्या काही वर्षांत हळूहळू येते. त्यामुळे त्याचे न ऐकणे हा उद्धटपणा नाही, आणि मारल्याने तो काचेविषयी काहीही शिकला नाही, फक्त घाबरला. तरीही तो तुमच्याच कुशीत येऊन झोपला, यावरून त्याचा भरवसा कोणावर आहे ते तुम्हीच पाहा. त्याला जवळ घेऊन ‘आईने मारलं, ते चुकलं, आई आता मारणार नाही’ एवढेच सांगा. सगळे शब्द कळले नाहीत तरी आईचा सूर त्याला नक्की कळतो.

झाडाचा प्रश्न मुलाला शिस्त लावून सुटणार नाही, घराची मांडणी बदलून सुटेल. झाड कोपऱ्यात घेऊन खिडकीच्या गजाला मजबूत दोरीने बांधा, कापूस पूर्ण काढून टाका आणि त्याचा हात पोहोचेल तिथपर्यंतच्या फांद्यांवर कापडाच्या, लाकडाच्या किंवा जाड कागदाच्या वस्तूच लावा, म्हणजे त्याने त्या काढल्या, पुन्हा अडकवल्या तरी कोणाला ओरडावे लागणार नाही. आईने दिलेले उरलेले काचेचे गोळे दोन-तीन वर्षे कपाटात राहू द्यात.

नाताळ समजावण्याविषयी तुम्ही विचारले आहे. दोन वर्षांच्या मुलाला ‘आणखी दहा दिवसांनी’ या शब्दांचा काहीच बोध होत नाही. त्याला कळते ते रोज त्याच वेळी, त्याच माणसाबरोबर होणारे काम. चर्चमध्येही नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार वाट पाहण्यासाठीच असतात. घरात या वाट पाहण्याला रोजचे रूप द्यावे लागेल. पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यावर मुले अळीव पेरतात, ते तुम्ही पाहिले असेलच. येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्यासाठी तेच करा. एका पसरट ताटात बोटभर माती घ्या, १५ किंवा १६ तारखेला त्याच्या हातात चिमूटभर अळीव द्या आणि त्यालाच पेरू द्या. अळीव ओला झाला की बुळबुळीत होतो आणि बोटांना चिकटतो. तो ते दाणे एकमेकांपासून सोडवत बसेल, अर्धे जमिनीवर पडतील, आणि ती पाच मिनिटे त्याच्यासाठी फार मोलाची असतील. रोज संध्याकाळी पाळणाघरातून आल्यावर छोट्या भांड्याने दोन चमचे पाणी घालणे हे त्याचे काम ठेवा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि २४ तारखेपर्यंत छान हिरवळ होते. तिच्यावर मातीची मेंढरे, मरीया आणि योसेफ तो स्वतः ठेवील, आणि बाळ येशूची मूर्ती २४ च्या संध्याकाळी तुम्ही दोघांनी मिळून ठेवा. ‘बाळ आलं’ एवढे त्याला या वयात पुरेसे कळते, कारण बाळ म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. माझ्या मते यंदाच्या तयारीतील हे एक काम काहीही झाले तरी सोडू नका. बाकी सर्व कामे कमी करता येतात.

फराळ हा त्यातला पहिला. नोकरी आणि तान्हे नसले तरी अजून लहान असलेले मूल सांभाळून पाच पदार्थ घरी करणे एका बाईला झेपणारे नाही, आणि हे सासूबाईंना त्या आल्यावर स्वयंपाकघरात कुरकुरत सांगण्यापेक्षा आजच फोनवर स्पष्ट आणि प्रेमाने सांगावे. ‘आई, यंदा तुमच्या हातचे कुलकुल तेवढे आपण घरी करू, बाकीचे विकत आणू,’ असे म्हटले तर त्यांचा मानही राहतो. पुण्यात घरगुती चकल्या-करंज्या करून देणाऱ्या बायका बहुतेक प्रत्येक भागात आहेत, आणि केकसाठी कॅम्पातल्या बेकऱ्या आहेतच. फक्त आधी सांगून ठेवा. कुलकुल मुद्दाम सुचवते, कारण पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून शिंपल्यासारखी गुंडाळायची असते आणि गोळी दाबण्याचे काम आजीच्या मांडीवर बसून नातू करू शकतो. तळणाच्या वेळी मात्र त्याला दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाजवळ ठेवा.

दुसरे माणूस म्हटल्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मुलाच्या वडिलांचा उल्लेख एकदाही आलेला नाही. ते मदत करत नसतील, किंवा त्यांच्याकडे मागावे हे तुमच्या मनात आले नसेल. दोन्ही प्रकारची घरे मी पाहिली आहेत. ‘जरा मदत करा’ असे मोघम सांगितले की काही होत नाही. संध्याकाळी मुलाला आणणे, त्याचे जेवण आणि त्याला झोपवणे यांपैकी दोन कामे या महिनाअखेरपर्यंत पूर्णपणे त्यांची, असे ठरवा आणि ती कामे ते त्यांच्या पद्धतीने करत असताना मध्ये बोलू नका.

आता २४ ची रात्र. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते, आणि पाहुणे, दिवे, रात्री उशिरा येणारी गाणारी मंडळी यांत नेमकी तीच जाते. मूल चिडचिडे होण्याचे नाताळातले सर्वांत मोठे कारण हेच. त्यामुळे २५ च्या सकाळच्या उपासनेला सर्वांनी मिळून जाणे मला अधिक योग्य वाटते, आणि रात्री जायची मनापासून इच्छा असेल तर तुम्ही दोघांपैकी एकाने जावे. तिघांनी जायचेच ठरले तर दुपारी त्याला पोटभर झोपवा, कानटोपी आणि स्वेटर घाला, कारण या दिवसांत पुण्यात रात्रीचा पारा अनेकदा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसा आणि तो कंटाळताच पाच मिनिटे बाहेर फिरवून आणा. नाना पेठेतल्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली ती १७९२ मध्ये. तेव्हापासून या शहरात नाताळच्या उपासनेला लहान मुले रडत आली आहेत. ज्या मंडळीत तान्ह्या बाळाचा जन्म साजरा होतो, तिथे बाळाच्या रडण्याची लाज आईने का बाळगावी?

प्रश्न: मी कोथरूडला राहते. आमच्या सोसायटीत दरवर्षी २५ डिसेंबरला एक गृहस्थ सांताक्लॉज होऊन मुलांना खाऊ वाटतात. गेल्या वर्षी माझी मुलगी त्यांना पाहून किंचाळत सुटली. ती आता अडीच वर्षांची आहे. तिची भीती जावी म्हणून यंदा तिला त्यांच्या मांडीवर बसवून फोटो काढावा, असे सर्व जण म्हणतात.

उत्तर: कृपया बसवू नका. ओळखीचा चेहरा दाढीमागे झाकलेला, अंगावर लाल झगा, मोठा आवाज आणि भोवती गलका, हे सारे या वयात खरोखर भयंकर वाटते, आणि ज्या क्षणी तिला आईच्या कडेवर राहायचे असते त्याच क्षणी आई तिला परक्याकडे सोपवते, हे ती अधिक लक्षात ठेवते. ते गृहस्थ शेजारीच असतील तर कार्यक्रमाच्या आधी त्यांच्या घरी जाऊन ते दाढी लावताना तिला पाहू द्या. दाढी तिच्या हातात दिली तर आणखी चांगले. कार्यक्रमात तुम्ही तिला घेऊन लांब उभ्या राहा. ती स्वतः पुढे गेली तर जाऊ द्या, नाही गेली तर खाऊ तुम्ही घ्या. फोटो तुमच्या कडेवरचाही चालतो.

प्रश्न: मी हडपसरला राहणारा आजोबा आहे. दीड वर्षाच्या नातीला नाताळची भेट काय द्यावी? सून म्हणते की आवाज करणारी खेळणी नकोत.

उत्तर: सूनबाईंचे ऐका. त्यांचे कारण कदाचित गोंगाट असेल, माझे कारण बटणासारखे गोल, चपटे सेल आहे. गाणाऱ्या आणि लुकलुकणाऱ्या स्वस्त खेळण्यांत, काही वेळा गाणाऱ्या शुभेच्छापत्रांतही, ते असतात आणि अनेकदा त्यांच्या झाकणाला स्क्रू नसतो. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. त्यापेक्षा लाकडी ठोकळे, मोठा चेंडू किंवा जाड पुठ्ठ्याचे चित्रांचे पुस्तक द्या आणि ते रोज तुम्ही तिला मांडीवर घेऊन दाखवा. खाऊ देताना अख्खे काजू, बदाम, शेंगदाणे आणि कडक गोळ्या टाळा, कारण त्या श्वासनलिकेत अडकतात. रममध्ये भिजवलेल्या फळांचा केकही तिला नको. घरात पूर्वीपासून अशी खेळणी असतील तर प्रत्येकाचे झाकण आजच तपासा, आणि नातीने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, सकाळची वाट न पाहता तिला लगेच रुग्णालयात न्या.