हेल्थ कोचचे फोन कामाचे की औषध खपवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई गुहागरकडे गावी एकटी असते. तिला संधिवातासाठी (रूमॅटॉइड) दर पंधरा दिवसांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन आणि सोबत मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्यात. औषध पुरवणाऱ्यांच्या 'हेल्थ कोच'चे फोन येतात, ते तुम्ही मुंबईहून घेता. यात काही अर्थ आहे की नुसती विक्री?

दोन्ही आहे. मी आता चिपळूणला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, पण आधी मुंबईत याच कामावर होते, त्यामुळे आतली बाजू माहीत आहे. अमेरिकेत अशी महागडी, थंड ठेवायची औषधं 'स्पेशॅलिटी फार्मसी' घरपोच पाठवतात आणि पुढचा डोस पाठवण्याआधी त्यांचे फार्मासिस्ट किंवा नर्स फोन करतात. आपल्याकडे तेच काम बहुतेक वेळा औषध कंपनीच्या पैशावर चालणारे पेशंट सपोर्ट प्रोग्रॅम करतात. पेशंटने औषध सोडलं तर कंपनीचं गिऱ्हाईक जातं, हा त्यातला स्वार्थ उघड आहे. पण दुसरी बाजूही खरी. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 सालच्या अहवालात म्हटलं होतं की जुनाट आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी 50 टक्क्यांच्या आसपासच आहे. निम्मे लोक कुठे गळतात हे डॉक्टरांना कळत नाही, कारण तिथे गेल्यावर सगळेच "हो, घेते ना" म्हणतात.

मला खटकलं ते वेगळंच. फोन तुम्ही का घेताय? कोच विचारणार, "डोस झाला का?" तुम्ही आईला विचारून "झाला" सांगणार, तिकडे रकान्यात टिक पडणार. असा फोन खरंच कोणाच्या कामाचा नाही. कोचिंग आजारी माणसाशी व्हायला हवं, त्याच्या मुलाशी नव्हे. "आईला त्यातलं काही कळत नाही," असं सांगणारी मुलं मला खूप भेटली. त्या आयांना सगळं कळत होतं, फक्त कोणी नीट विचारलेलं नव्हतं. "काकी, काही त्रास?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "काय नाय, बरं हाय." तेच "सकाळी उठल्यावर मूठ वळायला किती वेळ लागतो? भाकरी थापता येते की पोळपाटावर लाटता?" असं विचारलं की धडाधड बाहेर येतं. चहा होईस्तोवर बोटं उघडत नाहीत, कळशी उचलवत नाही, मागच्या खेपेला इंजेक्शनच्या पेनचं टोपणच निघालं नाही म्हणून सुई राहिली आणि मुलाला उगाच घोर नको म्हणून सांगितलं नाही. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो हे तर डॉक्टरही विचारतात. औषध लागू पडतंय की नाही याचा तो एक चांगला अंदाज असतो. तो आकडा तुम्हाला मुंबईत बसून कसा ठाऊक असणार?

मग फ्रिज. हे पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं आणि गोठू द्यायचं नसतं. एकदा गोठलं की वितळल्यावरही फेकायचंच. गावच्या घरात जुना एकदारी फ्रिज, वर बर्फाचा कप्पा, आणि "थंड ठेवा" म्हटलंय म्हणून बाई पेन नेमकं त्या कप्प्याला टेकवून ठेवते, शेजारी बांगडा मासळीची पिशवी. कोच शहाणा असेल तर फ्रिजचा फोटो मागतो. मधल्या फळीवर, मूळ खोक्यात, मागच्या भिंतीला न चिकटवता ठेवायचं. दारात नको, कारण तिथे दर वेळी उष्णता लागते. काही ब्रँडच्या माहितीपत्रकात "25 अंशांपर्यंत 14 दिवस चालेल" असं असतं. हे वाचून निर्धास्त होऊ नका, मे महिन्यातली कोकणातली खोली 25 अंशांची नसते. पावसाळ्यात लाइट गेली तर फ्रिज उघडायचा नाही, किती वाजता गेली आणि आली ते लिहून ठेवायचं आणि ती वेळ सांगून कोचला विचारायचं की पेन वापरायचं की नाही. 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. गावात इन्व्हर्टरवाला कोण, हे आईला आधीच माहीत असलेलं बरं.

भातलावणीबद्दल आईशी स्पष्ट बोलायला कोचला सांगा. अडालिमुमॅबने प्रतिकारशक्ती दबते. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी याचसाठी करतात. खोकला लांबला, संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरलं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. आपल्या भागात वर लेप्टोची (चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भर: पायाला चिरा पडलेल्या असताना चिखलात उतरणं धोक्याचंच. तिला "शेतात जायचं नाही" म्हणाल तर तुमचा फोन ठेवून ती जाईल. गमबूट, जखमेवर पट्टी, आणि ताप आला तर पुढची सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, एवढं ती ऐकेल.

कागदावरच्या सूचना बऱ्याचदा परदेशी असतात. किडनी बदललेल्यांना टॅक्रोलिमस (नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) चालू असतं, त्यांच्या यादीत "ग्रेपफ्रूट खाऊ नका" लिहिलेलं असतं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे कोण खातो? पण गणपतीत घरोघरी पपनस असतं, आणि तेही त्या औषधाची रक्तातली पातळी वाढवू शकतं. हे न सांगणारा कोच नुसता कागद वाचतोय असं समजा. तुमच्या आईला पपनसाची अडचण नाही. तिला विचारायचं ते गुळवेलीचं. कुंपणावर फुकट असते, कोरोनापासून काढा घराघरात शिरलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, तो वाद त्यांचा त्यांना. पण मेथोट्रेक्सेटही यकृतावर भार टाकतं, म्हणून त्यासोबत काढा नको असंच मी सांगेन.

मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलून निघतं, जीवावर बेततं. घरात चिठ्ठी लावा: "गुरुवार" किंवा डॉक्टरांनी सांगितला असेल तो वार. तिच्यासोबत दिली जाणारी फोलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी आहे हेही आईला दाखवा, दोन्ही पिवळट आणि बारीक असल्या तर गोंधळ होतो.

कोचला पारखायचं कसं? डोस कमी-जास्त करा, तापात घेतलं तरी चालेल, दुसरा ब्रँड घ्या, असं स्वतःच्या मनाने सांगणारा नको. "हे डॉक्टरांना विचारा, मी आज त्यांना कळवतो" म्हणणारा चालेल. आणि औषध कित्येक महिन्यांनीही लागू पडत नसेल तेव्हा तो काय बोलतो ते ऐका. तिथे कंपनीचं हित आणि आईचं हित वेगळं होतं.

आता पुढच्या फोनवर एवढंच सांगा: नंबर आईचा लावा, वेळ दुपारची जेवणं झाल्यावरची, आणि मराठी बोलणारा माणूस द्या. रेंज ओटीवर येते की मागच्या पडवीत, तेही सांगून ठेवा. तुम्ही कॉन्फरन्सवर राहा, पण मध्ये बोलू नका. आईची माहिती कोणाकोणाकडे जाते ते विचारा. फोन नकोच असतील तर बंद करण्याआधी एक खात्री करा, किमतीतली सवलत या फोनांना बांधलेली आहे का. कधी कधी असते.