जमलेलं पान पुन्हा कसं वापरायचं?

प्रश्न : ताई, मी फोटोशॉपमध्ये डिजिटल स्क्रॅपबुक करते. एखादं पान मस्त जमलं की तेच पुढच्या फोटोंना वापरावंसं वाटतं, पण जुने फोटो डिलीट करून नवे टाकले की साइज बदलते, बॉर्डर, शॅडो सगळं जातं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. टेम्प्लेट बनवतात कसं?

उत्तर : अगं, बॉर्डर आणि शॅडो तू थेट फोटोला देतेस ना, मग फोटोबरोबर त्याही जाणारच! टेम्प्लेटमध्ये फोटो नसतातच, फक्त त्यांची जागा असते. पानाची कॉपी कर, जिथे जिथे फोटो आहे तिथे त्याच मापाचा राखाडी चौकोन काढ, प्रत्येक वेगळ्या लेअरवर (लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर), स्ट्रोक म्हणजे बॉर्डर, शॅडो काय असेल ते त्या चौकोनाला दे आणि मग फोटो उडव. पुढच्या वेळी नवा फोटो त्या चौकोनाच्या लगेच वरच्या लेअरवर आणायचा आणि कंट्रोल+ऑल्ट+जी दाबायचं, मॅक असेल तर कमांड+ऑप्शन+जी. हा झाला क्लिपिंग मास्क, फोटो कितीही मोठा असू दे, चौकोनापुरताच दिसतो आणि नंतर सरकवून चेहरा मधे आणता येतो.

लेअरना नावं दे, 'फोटो १', 'मागचा कागद' असं काहीतरी. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण 'लेअर १७ कॉपी २' मधून शोधत बसणं जास्त कंटाळवाणं.

पान १२ इंची चौरस असेल तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ३६०० पिक्सेल ठेव. मोठं लहान करता येतं, लहान मोठं केलं की प्रिंटमध्ये फाटतं. सेव्ह पीएसडीमध्येच कर, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइल प्रकारात, त्यात लेअर वेगळे राहतात; जेपेगमध्ये सगळे लेअर एक होतात, तो फक्त तयार पानासाठी. आणि विंडोज असेल तर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीवर टिक कर, म्हणजे सवयीने कंट्रोल+एस दाबलंस तरी टेम्प्लेटवर भरलेलं पान सेव्ह होणार नाही.

प्रश्न : एकच टेम्प्लेट वापरलं की सगळी पानं सारखी नाही का दिसणार?

उत्तर : टेम्प्लेट रिकामं असतानाच कॅनव्हास, म्हणजे अख्खं पान, ९० अंशात फिरव नाहीतर फ्लिप कर, ओळखूसुद्धा येत नाही. फक्त मजकुराचे लेअर परत सरळ करावे लागतात. फोटो मात्र त्यानंतरच टाक, नाहीतर तेही उलटे होतील आणि टी-शर्टवरची अक्षरं आरशात बघितल्यासारखी दिसतील.