लॅपटॉपवर बीबीसी मायक्रो: सुरुवात कुठून करू?

प्रश्न: ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो होता. मुलीला तो दाखवायचाय म्हणून ब्राउझरमध्ये जेएसबीब हे एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडलं. पण काहीही टाइप केलं की 'मिस्टेक' येतं, आणि स्टार दाबला की कंस उमटतो. दुसरं काही इन्स्टॉल करू का? सुरुवात कशाने करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: एम्युलेटर बरोबर आहे, बदलू नका. १९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' योजनेतून आपल्याकडच्या शाळांत आला तोच हा एकॉर्न कंपनीचा कॉम्प्युटर, मेमरी ३२ केबी, आणि त्याचं बेसिक, म्हणजे त्यातली प्रोग्रॅम लिहायची भाषा, फक्त कॅपिटल अक्षरातल्या कमांड ओळखतं, म्हणून आधी कॅप्स लॉक बघा, 'मिस्टेक' बहुतेक त्यामुळेच येतंय. आणि स्टारचं म्हणाल तर मूळ कीबोर्डवर ८ च्या वर कंसच होता, स्टार होता कोलनच्या बटणावर, म्हणजे एलच्या उजवीकडचं दुसरं बटण, ते शिफ्टसोबत दाबा. नाहीच जमलं तर सेटिंगमध्ये कीबोर्ड 'नॅचरल' करून टाका.

आता सुरुवात. सगळे आधी गेम शोधायला धावतात, एलिट वगैरे, आणि एलिट भारी आहेच, पण माझं ऐका, मुलीला पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहू द्या. १० नंबरच्या ओळीत प्रिंट आणि अवतरणचिन्हांत तिचं नाव, २० ला गोटू १०, मग रन. नाव स्क्रीनभर धावायला लागलं की एस्केप दाबून थांबवायचं. मग एफ१२ दाबा, तो इथला ब्रेक. कॉम्प्युटर नव्याने चालू झाल्यासारखा होतो, लिस्ट टाइप करून (त्याने लिहिलेल्या ओळी दिसतात) बघितलं तर प्रोग्रॅम गायब! घाबरायचं नाही, ओल्ड टाइप करा, एंटर मारा, परत लिस्ट करा, सगळ्या ओळी जागच्या जागी. ब्रेकने मेमरी पुसली जातच नाही, आत प्रोग्रॅम आहे हे फक्त बेसिक विसरतं. हे तिला नक्की करून दाखवा, मेमरी म्हणजे काय ते त्यातून जसं कळतं तसं पुस्तकातून कळत नाही.

मग ग्राफिक्स. या कॉम्प्युटरला स्क्रीनचे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यांना मोड म्हणतात. मोड २ मध्ये रंग मस्त दिसतात, पण नुसती स्क्रीनच २० केबी खाते, त्यात डिस्क सिस्टीम असली की प्रोग्रॅमला उरतात जेमतेम पावणेसहा केबी. सुरुवातीचा मोड ७ एकाच केबीत भागवतो, त्यामुळे मोठं काही लिहायचं तर तिथेच लिहा.

गेमची डिस्क इमेज (जुन्या फ्लॉपीची फाइलमधली नक्कल) लोड केली की शिफ्ट धरून एफ१२ दाबायचं, बहुतेक डिस्क आपोआप सुरू होतात. आवाज नाही आला तर पेजवर एकदा क्लिक करा, ब्राउझर त्याशिवाय आवाज सोडत नाहीत. तिने लिहिलेलं रोज सेव्ह करायचं ठरलं तर मात्र विंडोजवर बीबएम हे दुसरं एम्युलेटर इन्स्टॉल करा, त्यात डिस्कची फाइल सरळ तुमच्या फोल्डरमध्येच राहते.